लग्नाचा कोट घातलेला क्रूस

मित्रांनो, मी एक जुना, फणसाच्या लाकडाचा आणि पक्का भित्रा क्रूस आहे. हसू नका. क्रूसाने कसं ताठ उभं राहावं, ऊनपाऊस सोसावा, कुणाला भिऊ नये, असं तुम्हाला वाटत असेल. मी मात्र वाऱ्याला भितो, वाळवीला भितो, आणि सांताक्रूझच्या विमानतळावरून एखादं विमान उठून डोक्यावरून गेलं की माझी आडवी फळी अजून थरथरते. इतकी वर्षं झाली, पण सवय म्हणून होत नाही.

अंधेरी स्टेशनातून बाहेर पडून कुर्ल्याच्या रस्त्याने मरोळकडे निघालात की भाताची शेतं लागतात; मुंबई शहर अजून इथवर आलेलं नाही. त्यांतल्या एका शेतात मी उभा आहे. माझ्या अंगात काळा कोट आहे आणि डोक्यावर फेल्ट हॅट. नवखा माणूस लांबून बघतो आणि म्हणतो, बुजगावणं आहे. मग जवळ येतो, कोटाच्या उघड्या गळ्यातून आत बघतो आणि गप्प होतो. हा कोट माझ्या अंगावर कसा आला आणि त्यापायी एका बाईचा जीव कसा टांगणीला लागला, ते तुम्हाला सांगायचं आहे.

मला घडवलं इनास नावाच्या शेतकऱ्याने. आमच्या गावठाणातली माणसं ख्रिस्ती आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या इथलीच आहेत. घरात मराठी बोलतात, बायका लुगडी नेसतात, पावसात भात लावतात, आणि संध्याकाळी देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा झाली की हातातलं काम ठेवून जिथल्या तिथे उभी राहतात. इनासच्या तरुणपणी गावात तापाची साथ आली. एकही घर सुटलं नाही. तेव्हा इनासने परसातला फणस तोडला, सुताराकडून माझ्या दोन फळ्या काढून घेतल्या, त्या एकमेकींवर ठोकल्या आणि मला आपल्या शेताच्या बांधावर पुरलं. पुरताना त्याच्या तोंडी प्रार्थना होती, पण हात लटलट कापत होते. त्या कापऱ्या हातांची भीती माझ्या लाकडात उतरली ती उतरलीच.

पुढे साथ गेली. लोक म्हणाले, क्रूस उभा राहिला म्हणून गेली. त्या दिवसापासून माझ्यापुढून जाताना जो तो घाईघाईने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावी आणि चार पावलं झपाझप टाकून पुढे निघून जाई. आया पोरांना माझ्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, "खोटं बोललास तर तो बघतोय हां." शेतातली काकडी चोरायला आलेला माणूससुद्धा मला बघून परत फिरे. इनासची बायको मार्सेलीन तर या बाबतीत फौजदारच होती. घरात कुणाचं भांडं फुटलं, कुणाचा पाय मुरगळला, तरी ती विचारायची, "काय पाप केलंस ते आधी सांग." मला वाटू लागलं, धाक घालणं हेच आपलं काम. आणि मित्रांनो, जो स्वतः भित्रा असतो ना, त्याला धाक घालायचं काम फार बरं वाटतं.

एक इनास तेवढा वेगळा निघाला. पुढे पुढे तो दुपारचा यायचा, हॅट काढून बाजूला ठेवायचा, माझ्या बुंध्याला पाठ टेकायचा आणि तांदळाची भाकरी खात बसायचा. काही मागायचा नाही. त्याचा लहानगा मुलगा बास्त्याव शेजारी बसून शेंगा सोलायचा. भाकरी संपली की इनास उठताना माझ्या फळीवर हलकेच थाप मारायचा, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. हा माणूस मला घाबरत कसा नाही, याचं मला नवल वाटायचं. थोडा रागही यायचा, खरं सांगतो.

इनास गेला. त्याच्या पाठीमागे माझ्याकडे कुणी बघेना. घाईने खूण करायला लोक होते, पण बुंध्याला तेल लावायला कुणी नव्हतं. वाळवी मातीतून वर आली. तुम्ही कधी वाळवीचा आवाज ऐकला आहे का? फार बारीक असतो. आपणच आपल्याला कुरतडतो आहोत असं वाटतं. एका पावसाळ्यात ऐन श्रावणात वादळ झालं, माझा पाय मुळाशी तुटला आणि मी चिखलात तोंडावर पडलो. गावाने वर्गणी काढून रस्त्याच्या वळणावर सिमेंटचा पांढराशुभ्र क्रूस उभारला. त्याला लोखंडी कठडा केला, फुलांच्या माळा घातल्या. चांगला आहे तो. माझं त्याच्याशी काही वाकडं नाही.

आमच्यात जुना झालेला पवित्र क्रूस असाच टाकून देत नाहीत. तो देवळात नेतात, पाद्रीच्या हातून जाळतात आणि राख पवित्र जागेत पुरतात. मार्सेलीनने हे काम सुनेला सांगितलं. ही सून म्हणजे कार्मेलीन, बास्त्यावची बायको. हात कामाला चलाख, आवाज गोड, पण मनाने सशासारखी. तिने मला उचललं, चिखल पुसला आणि देवळाच्या वाटेला लागली. अर्ध्या वाटेत तिचे पाय अडले. आपण क्रूस जाळायला निघालो आहोत, हा विचार तिला सोसेना. ती मागे फिरली आणि मला शेतातल्या खोपीत, गवताच्या पेंढ्यांमागे उभं करून ठेवलं. पुढच्या आठवड्यात नेऊ, असं तिने स्वतःला सांगितलं. तो आठवडा काही उजाडला नाही. सासूने विचारलं तेव्हा तिने नुसती मान हलवली आणि सासू समजली, काम झालं.

खोपीत मी एक वर्ष काढलं. त्या वर्षात कार्मेलीनचं दुसरं मूलही गेलं. पहिलं जन्मताच गेलं होतं, हे पोटातच. ती खोपीत गवत न्यायला यायची आणि पेंढ्यांत तोंड खुपसून रडायची. मी पेंढ्यांच्या मागेच होतो, पण तिच्या लक्षातही नव्हतो. माझ्याकडे हात असून काय उपयोग, ते हलत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा गरोदर होती. भात पोटरीला आलं, लोंब्या भरू लागल्या, आणि मुनिया पक्ष्यांचे थवेच्या थवे शेतावर उतरू लागले. बास्त्याव कुर्ल्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा आणि उरल्या वेळात शेत बघायचा. एका सकाळी तो काठ्या शोधत खोपीत शिरला आणि पेंढ्यांमागे मी सापडलो. माझी तर पाचावर धारण बसली. आता हा मला जाळायला नेणार, असंच वाटलं.

पण तो जवळ आला. खाली बसला, माझ्या फळीवरची बुरशी त्याने तळहाताने पुसली. मग हळूच म्हणाला, "अरे, तू इथे ओल्यात पडलायस होय. आणि आम्ही घरात गोधड्या घेऊन झोपतोय." तो घरी गेला आणि पेटीतला आपल्या लग्नातला काळा कोट घेऊन आला. कॉलरला कसर लागली होती, पण कापड उंची होतं. त्याबरोबर त्याने बापाची हॅटही आणली होती. शेताच्या मधोमध त्याने मला पुरलं, कोट चढवला, एक बटण लावलं, हॅट घातली. "बापा तुझ्यापाशी बसायचा," तो म्हणाला. "आता तू आमच्या भातापाशी उभा राहा. पाखरं आली तर येऊ देत. थोडी खातील, जातील." आणि जाताना फळीवर थाप मारली, अगदी बापासारखी.

हे सगळं तुम्ही आता ऐकलंत. पण कार्मेलीनने ऐकलं नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. बास्त्यावला डबल पाळी लागली होती. घरी आला की जेवायचा आणि आडवा व्हायचा. जेवताना एवढंच म्हणाला, "शेतात उभं केलंय हां बुजगावणं. बापाची हॅट घातलीय." आपल्याच गंमतीवर हसला आणि झोपला.

दोन दिवसांनी कार्मेलीन डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून आली. मला बघून तिला आधी हसूच आलं. मग नवऱ्याचा कोट ओळखला आणि ती कुरकुरत जवळ आली. "लग्नाचा कोट रे, अक्कल आहे का याला," असं म्हणत तिने बाही सारखी करायला हात घातला. बाहीच्या आत तिच्या बोटांना काहीतरी खडबडीत लागलं. मेणाचे ओघळ होते ते. लग्न होऊन आली तेव्हा तिनेच माझ्या फळीवर मेणबत्ती लावली होती. तिने बटण काढून कोट उघडला. मला बघितलं.

तिच्या डोक्यावरची टोपली खाली पडली. तिचा हात आपोआप पोटावर गेला. मला त्या क्षणी कळलं की ही बाई आता काय समजणार आहे.

ती हेच समजली. क्रूस जाळून पुरायचा होता, तो आपण खोपीत दडवला. म्हणून दुसरं मूल गेलं. आणि आता त्याच क्रूसाचं बुजगावणं झालं, पाखरं हाकायला उभं केलं. देवाची अशी विटंबना झाल्यावर तो हे तिसरं पोर कसं ठेवील?

तुम्ही म्हणाल, मग नवऱ्याला का नाही विचारलं? ऐका तर. तिला वाटलं की बास्त्यावला हा क्रूस आहे हे माहीतच नाही, कुठल्यातरी जुन्या फळ्या समजून त्याने घेतल्या. आणि लहानपणापासून तिने ऐकलं होतं की नकळत केलं तर पाप लागत नाही, कळून केलं तर लागतं. म्हणजे नवऱ्याला सांगितलं की त्यालाही पाप लागणार. सासूला सांगितलं तर सासूलाही. तेव्हा जे काही व्हायचं ते माझ्या एकटीचं होऊ दे, असं तिने ठरवलं. मला उपटून देवळात न्यावं तर बास्त्याव विचारणार, आणि पाद्रीला सांगायचं म्हणजे सगळ्या गावात होणार. ती रविवारी देवळात जायची, पण पाद्रीच्या हातचा प्रसाद, म्हणजे कम्युनियन, घ्यायला उठायची नाही. मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची. हे मला बांधावरून जाणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळलं.

मग तिने उपास सुरू केले. रोज संध्याकाळी देवळाची घंटा झाली की ती बांधावर यायची, पण जवळ यायची नाही. लांबूनच कुजबुजायची. "आज सकाळपासून काही खाल्लं नाही रे देवा. उद्याही नाही खाणार. हवं तर मला ने. पण ह्याला हात नको लावूस." आणि घाईने निघून जायची, कुणी पाठीमागे लागल्यासारखी. घरी सांगायची की शेतावर खाऊन आले, आणि शेतावर सांगायची की घरी खाल्लं. दिवसाकाठी वाटीभर पेज, तीही कधी कधी. तिचे डोळे खोल गेले, चालताना तोल जाऊ लागला.

माझ्या जिवाची काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच बघा. जन्मभर मी लोकांना धाक घातला आणि त्यात मला बरं वाटलं. आता तोच धाक माझ्या डोळ्यांदेखत एका बाईला आणि तिच्या पोटातल्या जिवाला खात होता, वाळवीने मला खाल्लं तसाच. देव हिचं पोर मागत नाही, हे मला दिसत होतं. पोराचं अन्न ही स्वतःच काढून घेत होती. आणि मी लाकूड. ओरडून सांगावं तर तोंड नाही.

एक दिवस नलिनीबाई तिच्याबरोबर बांधावरून चालल्या होत्या. नलिनीबाई पलीकडच्या वाडीतल्या सुईण, आमच्या गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर आलेली. त्यांनी कार्मेलीनला माझ्यापुढेच थांबवलं.

"खरं सांग, जेवतेस ना पोटभर?"

"जेवते की."

"मला शिकवू नकोस. सातवा सरत आला आणि पोट बघ केवढं. पोर वाढत नाहीये गं. असंच चाललं तर तेही जाईल आणि तूही. मग माझ्याकडे येऊन रडू नकोस."

कार्मेलीनने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्याने माझ्या फळ्यांतले खिळे ढिले झाले. नलिनीबाईंचं बोलणं ऐकून ही जेवेल असं मला वाटलं होतं. पण पोर वाढत नाही म्हणजे देव अजून रागावलेला आहे, असा तिने अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी तिने पेजही टाकली.

अशात आगेरा आला. आगेरा म्हणजे आमचा नव्या भाताचा सण. ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी सगळं गाव वाजतगाजत एका शेतात जातं, पाद्री तिथलं पीक आशीर्वादित करतो, पहिल्या लोंब्या कापतात आणि देवळात नेतात. मग नव्या तांदळात गूळखोबरं घालून सगळ्यांना वाटतात. कुणाच्या शेतातून लोंब्या न्यायच्या हे गावातली वडीलधारी माणसं ठरवतात, आणि ज्याचं शेत निवडलं त्याला वर्षभर मिरवता येतं. त्या वर्षी त्यांनी निवडलं इनासचं शेत.

मार्सेलीनला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. बास्त्यावने रात्रपाळीवर जाताना गाणं म्हटलं. कार्मेलीनच्या तोंडचं पाणी पळालं. पाद्री येणार, बँड येणार, सगळं गाव येणार, आणि शेताच्या मधोमध कोट घातलेला क्रूस.

त्या रविवारी उजाडताच ती आली. या खेपेला लांब थांबली नाही. धडपडत भातातून आली आणि दोन्ही हातांनी मला धरून ओढू लागली. तिच्या अंगात ताकद कुठली असणार. मी जेमतेम हलत होतो. तिला धाप लागली, ओठ निळे पडले. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नको गं बाई, पडशील, नको. आणि ती खरोखरच गुडघ्यांवर बसली.

तेवढ्यात बांधावर सायकल आपटल्याचा आवाज झाला. बास्त्याव पाळीवरून थेट शेत बघायला आला होता. तो चिखलातून पळत आला.

"कार्मे, काय करतेस? वेड लागलं काय?"

"जवळ नको येऊस. तुला काही माहीत नाही. तू घरी जा."

"काय माहीत नाही?"

"तुला नाही सांगणार. सांगितलं तर तुलाही लागेल."

"काय लागेल? कार्मे, बोल."

तिने नुसता कोट बाजूला करून मला दाखवलं आणि रडू लागली.

बास्त्याव गोंधळला. "हां, आपला जुना क्रूस. मग?"

"तुला माहीत होतं?"

"मीच पुरला ना. माहीत नसेल तर काय."

"आणि त्याचं बुजगावणं केलंस? क्रूसाचं? देवाची चेष्टा केलीस?"

"चेष्टा कसली गो? तो तिकडे ओल्यात पडला होता. बापा ज्याला पाठ टेकून बसायचा, तो. मला बघवेना. म्हणून कोट दिला. घरात त्याच्याहून चांगला कोट आहे का? तो बुजगावण्याला कोण घालील?"

मित्रांनो, मी तेव्हा तिच्याकडेच बघत होतो. ती रडायची थांबली, पण तिचा चेहरा सुटला नाही. भीती अशी एका वाक्याने जात नाही. तिने खोपीचं सांगितलं, उपासांचं सांगितलं, नलिनीबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. ऐकता ऐकता बास्त्याव चिखलातच मटकन बसला.

"आपलं पोर उद्या चालायला लागेल," तो म्हणाला. "चिखलाचे हात घेऊन येईल आणि तुझ्या नव्या लुगड्याला पुसेल. तू काय त्याचा जीव घेशील?"

"काहीतरीच बोलू नकोस."

"मग देव काय तुझ्याहून वाईट आहे?"

"तुला बोलायला काय जातंय," ती एकदम कडवटपणे म्हणाली. "आधीची दोन तुझ्या पोटात नव्हती. का नेली ती? सांग ना. तुझा देव एवढा चांगला आहे तर सांग."

बास्त्याव बोटांनी चिखल उकरत राहिला. मलाही उत्तर ठाऊक नव्हतं, आजही नाही.

"मला नाही माहीत," तो शेवटी म्हणाला. "मला पण भीती वाटते, कार्मे. रोज वाटते. सायकलवरून येताना वाटतं, घरी गेल्यावर काय ऐकायला मिळेल. मला मागायलासुद्धा भीती वाटते. म्हणून मी इथे येतो आणि नुसता बसतो याच्यापाशी. बापा बसायचा तसा. काही मागत नाही. बसलो की वाटतं, आपण एकटे नाही. तेवढंच बरं वाटतं, म्हणून परत येतो."

तो सरकला आणि माझ्या बुंध्याला पाठ टेकून बसला. थोड्या वेळाने तीही त्याच्या शेजारी सरकली. तिची पाठ मला टेकली तेव्हा हाडं लागत होती. ती कुजबुजली नाही, की तिने काही कबूल केलं नाही. नुसती बसली. हळूहळू तिचा श्वास संथ झाला. इनास माझ्यापाशी का बसायचा, ते मला इतक्या वर्षांनी तेव्हा कळलं. त्याला माझा धाक नव्हता, त्याला माझी सोबत हवी होती.

आणि मग बँड वाजू लागला.

पाद्री पुढे होता, पांढरा झगा घातलेला, वयाने थकलेला. मागे मार्सेलीन आणि सगळं गाव. ही दोघं उठून उभी राहीपर्यंत सगळे शेतात आलेसुद्धा. कोटाचं बटण उघडंच होतं. पाद्रीने बघितलं. बँडमधलं एकेक वाद्य थांबलं.

"हे काय आहे?" पाद्रीने विचारलं.

"आमचा जुना क्रूस, पाद्री," बास्त्याव म्हणाला. "राखणीला आहे."

मार्सेलीन सुनेकडे वळली. "तू देवळात नेला होतास ना गो?"

कार्मेलीनने मान खाली घातली. पाद्रीने कपाळाला आठ्या घातल्या. "क्रूसाला कोट घालायची रीत नाही," तो म्हणाला. "आणि मोडलेला क्रूस शेतात ठेवायचीही नाही. आज सण होऊ द्या. संध्याकाळी देवळात आणा, मी जाळतो."

माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं. वाऱ्याला, वाळवीला, विमानाला घाबरलो ते सगळं एकीकडे, आणि हे एकीकडे. मला वाटलं, कार्मेलीन आता सुटकेचा श्वास टाकील. जे तिला वर्षभर जमलं नव्हतं, ते पाद्रीच करणार होता.

ती पुढे झाली.

"नको, पाद्री," ती म्हणाली. "जाळू नका. चूक झाली असेल तर मला सांगा, मी ऐकीन. पण त्याला इथेच राहू द्या. तो आमच्या घरातला आहे."

ही तीच बाई, जी रविवारी मागच्या बाकावरून मान वर करत नव्हती. पाद्री तिच्याकडे बघत राहिला. मग तो भातातून वाट काढत माझ्याजवळ आला, वाकला आणि माझ्या बुंध्याला नख लावून बघितलं.

"मग पाय तरी धड करा याचा," तो म्हणाला. "वाळवी लागली आहे. नवं लाकूड जोडा, डांबर लावा. घरातला म्हणता आणि असा ठेवता होय?"

मग सगळ्यांची नजर मार्सेलीनवर गेली. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली होती आणि वर बघत होती. हॅटकडे. नवऱ्याची हॅट ती किती दिवस शोधत होती, ते मला नंतर कळलं. तिने पदराने हॅटवरची धूळ झटकली आणि ती नीट बसवली.

"सरळ तरी घालायची," ती बास्त्यावला म्हणाली. "तुझा बाप कधी वाकडी घालायचा नाही."

मग लोंब्या कापल्या गेल्या, देवळात गेल्या. दुपारी मार्सेलीन नवा तांदूळ आणि गूळखोबरं वाटीत घेऊन, सुनेला हाताला धरून शेतात परत आली. बास्त्यावने तिला सगळं सांगितलं होतं. "तोंड बघ केवढंसं झालंय," ती म्हणाली, आणि माझ्या सावलीत बसून तिने कार्मेलीनला स्वतःच्या हाताने भरवलं. कार्मेलीनने वाटी रिकामी केली. मग आणखी मागितलं.

नाताळच्या आधी एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात न्यायला बैलगाडी बांधावरून निघाली. नलिनीबाई बरोबर होत्या, त्यांचा चेहरा काळजीने ओढलेला होता. माझ्यासमोर आल्यावर कार्मेलीनने गाडी थांबवायला सांगितली. मी वाट बघत होतो की आता ती नवस बोलेल, काहीतरी कबूल करील, काहीतरी मागेल. ती घाबरलेली होती, ते दिसत होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि घरातून बाहेर पडताना आपण माणसांना सांगतो तसं म्हणाली, "येते रे."

आणि गाडी गेली.

मुलगी झाली. किरकोळ, पण रडणारी. आता ती चांगली धावते, माझ्या कोटाच्या खिशात चिंचा लपवते आणि तिची आजी तिला ओरडते. पण पोर जगलं म्हणून देव चांगला ठरला, असं मात्र मनात आणू नका. कार्मेलीन "येते रे" म्हणाली तेव्हा पोर जन्मायचंच होतं, आणि काय होईल ते तिला माहीत नव्हतं.

मला नवा पाय मिळाला आहे, डांबर लागलं आहे. तरी मी घाबरतोच. हल्ली शेतात जमीन मोजायची साखळी घेऊन माणसं येतात, लाल झेंड्या रोवतात, कारखाना होणार म्हणतात. मग माझं काय होईल, कोण जाणे. म्हणून तुम्हाला एकच विनवणी आहे, मित्रांनो. तुमच्या वाटेवर कुठे जुना क्रूस दिसला, तर घाईने कपाळाला हात लावून पळू नका. त्याच्या पायाला वाळवी लागली आहे का ते बघा, लागली असेल तर घरी सांगा. आणि वेळ असेल तर पाठ टेकून थोडं बसा. काही मागितलं नाहीत तरी चालेल.